थायरॉइड शस्त्रक्रियेनंतरचे मानेचे पुनर्वसन

थायरॉइड म्हणजेच अवटू ग्रंथी अंशतः किंवा पूर्ण काढल्यानंतर मानेची हालचाल, गिळणे, आवाज आणि खांद्याची ताकद पूर्ववत व्हावी म्हणून केले जाणारे व्यायाम व घेतली जाणारी काळजी. गलगंड, ग्रंथीतील गाठी, अतिक्रियाशील ग्रंथी आणि थायरॉइडचा कर्करोग यांसाठी ही शस्त्रक्रिया करतात. एके काळी ती अत्यंत जीवघेणी मानली जाई. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी ती सुरक्षित केली. थायरॉइडवरील कार्यासाठी त्यांना १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गळ्याच्या घडीतून घेतला जाणारा आडवा छेद आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

छेद पुढे असतो, पण अनेकांना जास्त त्रास मानेच्या मागच्या बाजूला होतो. शस्त्रक्रियेच्या वेळी खांद्यांखाली उशी ठेवून मान बराच वेळ मागे झुकवलेली असते. त्यामुळे मानेचे स्नायू अवघडतात, डोक्याचा मागचा भागही दुखतो. पुढच्या बाजूला त्वचा आणि तिच्याखालचा पातळ स्नायू उचलून पुन्हा शिवलेला असतो. तिथे भरून येणारी ऊती आतल्या थरांना चिकटली, की गळा आवळल्यासारखा वाटतो आणि घोट घेताना व्रण वर ओढला जातो.

त्यात भर पडते ती भीतीची. टाके तुटतील या धास्तीने रुग्ण हनुवटी छातीकडे झुकवून, खांदे वर उचलून बसतो. कुणी हाक मारली तर मानेऐवजी सगळे अंग वळवतो. घरचेही ‘मान हलवू नकोस’ असेच बजावतात. हा सल्ला मायेपोटी दिलेला असला, तरी त्यानेच मान धरते. हळुवार हालचालीने टाके उसवत नाहीत, ही गोष्ट घरी सोडण्यापूर्वी प्रत्येक रुग्णाला स्पष्ट सांगायला हवी. जपानमध्ये या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर लगेच मान ताणण्याचे व्यायाम शिकवून त्याचा अभ्यास करण्यात आला. तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि व्यायाम करणाऱ्यांना मानेचा त्रास कमी झाल्याचे त्यात आढळले.

व्यायाम साधेच आहेत. खांदे सैल सोडून गोल फिरवणे, मान डावी-उजवीकडे वळवणे, कान खांद्याकडे कलवणे, हनुवटी खाली नेणे. मान मागे नेण्याचा व्यायाम शेवटी आणि अगदी सावकाश करावा. शल्यचिकित्सकाने परवानगी दिल्यावर दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे केले तरी पुरते. ताण जाणवावा, कळ येऊ नये. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळावे आणि डोक्यामागे हाताचा आधार द्यावा.

काही लक्षणे मात्र व्यायामाची नव्हेत, तातडीची असतात. पहिल्या २४ तासांत गळा झपाट्याने सुजला किंवा श्वास अडकू लागला, तर आत रक्त साचले असण्याची शक्यता असते; तेव्हा एक क्षणही दवडू नये. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येणे, हातापायांत वांब येणे ही कॅल्शियम उतरल्याची खूण असते. थायरॉइडला लागून असलेल्या आणि रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण राखणाऱ्या परावटू ग्रंथींना धक्का बसल्याने असे होते.

स्वरयंत्राकडे जाणारी चेता म्हणजे नस थायरॉइडला अगदी खेटून असते. ती ताणली गेली, तर आवाज घोगरा होतो आणि पाणी पिताना ठसका लागतो. बहुतेकांचा आवाज काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतो. शिक्षक, गायक, कीर्तनकार यांनी मात्र वाट पाहत न बसता लवकर स्वरयंत्राची तपासणी करून वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जावे.

कर्करोगासाठी मानेच्या बाजूच्या लसिकाग्रंथीही (लिम्फ नोड) काढल्या असतील, तर खांद्याच्या स्नायूला जाणारी चेता दुखावू शकते. मग खांदा उतरतो. केस विंचरणे, फळीवरचा डबा काढणे जड जाते. अशा वेळी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली खांद्याचे व्यायाम लवकर सुरू करावे लागतात, नाहीतर सांधा आखडतो.

जखम पूर्ण भरल्यावर, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, व्रणावर बोटाने हलका मसाज करतात. सिलिकॉनच्या पट्ट्याही वापरतात. उन्हाने व्रण काळवंडतो, म्हणून ओढणी किंवा उपरणे गळ्याशी घ्यावे. मंगळसूत्र किंवा साखळी व्रणावर घासत असेल, तर काही काळ काढून ठेवावी. व्रणाचा लालसरपणा आणि कडकपणा ओसरायला वर्षभरही लागू शकते.