तांबड्या दिव्याखालचं बी-१२ : एका सहविकराची पार्श्वभूमी

जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत ॲडेनोसिलकोबालामिन वापरायचं ठरलं की आधी खोलीतल्या ट्यूबलाइट बंद होतात. मग मंद तांबडा दिवा लागतो, फॉइलमध्ये गुंडाळलेली तपकिरी कुपी बाहेर येते आणि तळाशी चिमूटभर लालसर पूड दिसते. नव्या विद्यार्थ्याला हा सगळा सोवळ्याचा प्रकार वाटू शकतो. पण बी-१२ चं हे शरीरात खरोखर काम करणारं रूप प्रकाशामुळेच कितीतरी वर्षं शास्त्रज्ञांच्या हातून निसटत राहिलं होतं.

सुरुवात यकृतापासून होते. १९२६ साली मिनो आणि मर्फी यांनी दाखवलं की पर्निशियस ॲनिमियाचे (एका गंभीर रक्तक्षयाचे) रुग्ण भरपूर यकृत खाऊन बरे होतात. यकृतातला तो गुणकारी घटक कोणता, हे शोधायला पुढची बावीस वर्षं गेली. १९४८ मध्ये अमेरिकेत मर्क कंपनीतल्या फोकर्स यांच्या गटाने आणि इंग्लंडमध्ये ग्लॅक्सोच्या लेस्टर स्मिथ यांनी जवळजवळ एकाच वेळी बी-१२ चे लाल स्फटिक मिळवले. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने १९५६ पर्यंत त्याची पूर्ण रचना उलगडली. मधोमध कोबाल्टचा अणू आणि त्याला चिकटलेला सायनाइड गट! पेशीत सायनाइड कुठून आलं? ते पेशीतलं नव्हतंच. शुद्धीकरणाच्या प्रक्रियेत ते शिरलं होतं आणि कोबाल्टवरच्या मूळ गटाला हटवून तिथे बसलं होतं. बी-१२ चं हे सायनाइडवालं रूप, म्हणजे सायनोकोबालामिन, टिकाऊ आणि स्फटिक बनवायला सोपं, म्हणून तेच हाती लागलं. माझ्या मते बी-१२ च्या इतिहासातला हा सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे, कारण इथे पदार्थ वेगळा करण्याच्या पद्धतीनेच पदार्थ बदलून टाकला होता.

मूळ गट सापडला तो वैद्यकशास्त्राच्या वाटेवर नव्हे, तर मातीतल्या एका जिवाणूत. बर्कलीला होरेस बार्कर हे क्लॉस्ट्रिडियम टेटॅनोमॉर्फम हा जिवाणू ग्लुटामेट हे अमिनो आम्ल कसं पचवतो याचा अभ्यास करत होते. त्यातल्या पहिल्याच पायरीवर ग्लुटामेटच्या सरळ साखळीची फांदीदार मिथिलॲस्पार्टेट बनते. जिवाणूच्या अर्कावर कोळशाची भुकटी फिरवली की ही क्रिया थांबायची आणि उकळलेला अर्क थोडा घातला की पुन्हा सुरू व्हायची. म्हणजे प्रथिनाच्या जोडीला काहीतरी लहान, उकळूनही शाबूत राहणारं असणार, हे उघड होतं. पण उष्णतेला दाद न देणारा हा रेणू उजेडात ठेवला की निकामी व्हायचा. ते ओळखून अंधुक प्रकाशात शुद्धीकरण केल्यावर एक केशरी पदार्थ मिळाला. १९५८ मध्ये बार्कर, वाइसबाख आणि स्मिथ यांनी तो बी-१२ च्या कुळातला सहविकर, म्हणजे विकराला (एन्झाइमला) कामात साथ देणारा लहान रेणू, असल्याचं जाहीर केलं. १९६१ मध्ये लेनहर्ट आणि हॉजकिन यांनी सहविकराची रचना मांडली, तेव्हा सायनाइडच्या जागी ॲडेनोसिल गट दिसला. तो थेट कार्बनमार्फत कोबाल्टला जोडलेला होता. सजीवांत धातू आणि कार्बन यांचा असा बंध त्याआधी कोणी पाहिला नव्हता.

सगळी नाजूकता या एका बंधात आहे. तो तोडायला दृश्य प्रकाश पुरतो. हवेच्या सान्निध्यात द्रावणावर प्रकाश पडला की ॲडेनोसिल गट सुटतो आणि मागे हायड्रॉक्सोकोबालामिन उरतं. फसवी गोष्ट अशी की तेही लालच असतं, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना बिघाड कळत नाही, वर्णपट काढूनच बघावा लागतो. तांबडा दिवा चालतो, कारण हा रेणू निळा-हिरवा प्रकाश शोषतो आणि गडद तांबडा जवळजवळ सोडून देतो.

पुढे हा सहविकर प्रयोगशाळेतही बनवता येऊ लागला. कोबालामिनमधल्या कोबाल्टचं क्षपण करायचं, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन द्यायचे, मग त्याची ॲडेनोसिनच्या योग्य संयुगाशी गाठ घालायची, आणि हे सगळं नायट्रोजनखाली, अंधारात. तयार द्रावण टिकवण्याची युक्ती मात्र रक्ताच्या अभ्यासातून आली. फ्लॉसडॉर्फ आणि मड यांनी १९३५ मध्ये पेनसिल्व्हेनियात रक्तद्रव गोठवून निर्वातात सुकवण्याची पद्धत बसवली. दुसऱ्या महायुद्धात तिच्यावरच प्लाझ्माचे मोठाले कारखाने चालले. बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते. शाळेत आपण यालाच संप्लवन म्हणून शिकलो. मागे राहते ती सच्छिद्र, पाणी घालताच विरघळणारी पूड. पाणीच नसल्याने बिघाडाच्या क्रिया फार मंदावतात. अर्थात सुकवणीच्या यंत्राला काचेची दारं असतात, म्हणून तिथेही फ्लास्कला फॉइल गुंडाळावंच लागतं.

साठवणीचे नियमही यातूनच आले आहेत. पूड उणे २० अंशांवर, तपकिरी कुपीत, ओलावा शोषणाऱ्या पदार्थासोबत ठेवायची. बाहेर काढल्यावर कुपी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर हवेतलं बाष्प थंड पुडीवर जमतं आणि सुकवण्याचे कष्ट वाया जातात. मुंबईच्या जुलैत तर हे कटाक्षाने पाळायला हवं. द्रावण लागेल तेवढंच करावं, उरलेलं छोट्या भागांत गोठवावं. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणारी मिथिलकोबालामिनची, म्हणजे बी-१२ च्याच आणखी एका रूपाची, इंजेक्शनं तपकिरी काचेत असतात, त्याचं कारणही तोच कोबाल्ट-कार्बन बंध.

प्रयोगशाळेला एवढी डोकेदुखी ठरलेली ही संवेदनशीलता काही जिवाणू मात्र कामाला लावतात, हे २०११ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी दाखवलं. या जिवाणूंच्या कारएच नावाच्या प्रथिनात हाच सहविकर बसलेला असतो. अंधारात त्याच्यामुळे चार प्रथिनं एकत्र येऊन डीएनएवर ठाण मांडतात आणि कॅरोटिनॉइडची जनुकं बंद ठेवतात. प्रकाश पडला की बंध तुटतो, चौकडी विखुरते आणि जिवाणू स्वतःला उन्हापासून वाचवणारं रंगद्रव्य बनवू लागतो.