जांबोटीच्या रस्त्यावरची तांबडी पालवी

ऑक्टोबरात काश्मीरच्या लालभडक चिनारांचे फोटो मोबाईलवर फिरू लागले की बेळगावातही कुणाला तरी हुक्की येते आणि गाडी चोर्ला घाटाकडे निघते. तिथं सगळं हिरवंगार असतं. आपल्याकडे रंग बघायचे तर रस्ता हाच. जायचं मात्र फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत.

थंड मुलखातलं झाड दिवसाच्या लांबीवर चालतं. दिवस आखूड झाला, गारठा वाढला की पानातलं हरितद्रव्य मोडीत निघतं आणि खाली झाकलेला पिवळा रंग उघडा पडतो. तांबडा रंग, म्हणजे अँथोसायनिन, मात्र बऱ्याचदा त्या शेवटच्या दिवसांतच नव्यानं तयार होतो. आपल्या घाटमाथ्यावर झाडाला थंडीपेक्षा मातीतल्या ओलीची काळजी. पाऊस ऑक्टोबरात संपला तरी ओल टिकते, म्हणून साग, ऐन, किंजळ पौष-माघापर्यंत पानं धरून असतात. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक कमकुवत थर तयार होतो आणि पान सुटतं. त्याआधी पानातला साधारण निम्मा नायट्रोजन झाड परत खेचून घेतं. सागाचं पान दिसायला अगदीच रया गेलेलं, मळकट तपकिरी. देशी बदाम मात्र गावात, उकाड्यातसुद्धा, लालबुंद होऊन गळतो. म्हणजे लाल व्हायला कडाक्याची थंडी लागतेच असं नाही.

बेळगावहून पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी असा रस्ता धरला की पावसाचा नकाशाच गाडीखालून सरकतो. बेळगावच्या पूर्वेला सौंदत्तीकडे वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मलप्रभा उगवते त्या कणकुंबीला तो काही हजारांत जातो. त्यामुळे सुरुवातीला उघडी, निष्पर्ण झाडी आणि पुढं जांभूळ, अंजनीसारख्या सदाहरित झाडांची दाट सावली. मधल्या पट्ट्यात दोन्ही मिसळतात, आणि खरी मजा तिथंच आहे.

या मधल्या पट्ट्यात मार्चमध्ये लांबूनच एखादं झाड पेटल्यासारखं दिसतं. पळस समजून जवळ जावं तर फूल एकही नाही, सगळी पानंच. हा कुसुंब, कोकणात कोशिंब म्हणतात, कन्नड शेजारी सागडे म्हणतात. त्याची कोवळी पालवी रक्तासारखी तांबडी असते आणि हिरवी व्हायला दोन-तीन आठवडे घेते. आंबा, काजू, नागकेशर यांचीही नवी पानं तांबूसच.

चिनाराचं पान मरताना लाल होतं, कुसुंबाचं जन्मताना, आणि दोन्हीकडे रंगद्रव्य एकाच कुळातलं. असं का, याचं एक पटणारं उत्तर असं: कोवळ्या पानात प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा अजून पुरती बसलेली नसते, पिकल्या पानात ती उतरवली जात असते. दोन्ही वेळी पडणारं ऊन पानाला वापरता येत नाही आणि ते पेशींना अपाय करतं. तेव्हा अँथोसायनिन त्यातला काही प्रकाश वरच्यावर शोषून घेतं, खिडकीला लावलेल्या पडद्यासारखं. दुसरा तर्क किडींचा: पानं खाणाऱ्या बऱ्याच किड्यांना तांबडा रंग नीट दिसत नाही, त्यामुळे लुसलुशीत पान त्यांच्या नजरेतून निसटतं. शास्त्रज्ञांचं यावर एकमत नाही. मला पडद्याची बाजू जड वाटते, पण एकाच रंगानं दोन कामं करू नयेत असंही काही नाही.

त्याहून मोठं कोडं वेगळंच. ऐन उन्हाळ्यात, थेंबभर पाऊस नसताना झाडं पालवतात कशी? जुनी पानं गळली की बाष्पोत्सर्जन जवळजवळ थांबतं, खोल मुळांनी ओढलेलं पाणी खोडात साठतं आणि कळ्या फुटायला तेवढं पुरतं. लांबत जाणारा दिवसही इशारा देत असावा. फायदा उघड आहे: मृगाचा पाऊस येईपर्यंत पानं तयार झालेली असतात आणि पावसाबरोबर येणारी किड्यांची फौज पोचण्याआधी जून होतात.

जायचं तर सकाळी नऊच्या आत जा आणि झाड तुमच्या व सूर्याच्या मधे येईल असं उभं राहा. पानातून आरपार येणाऱ्या उजेडात कुसुंब दुपारपेक्षा कितीतरी खुलतो. कारखान्यांचा हंगाम संपलेला नसला तर शहराजवळ उसाच्या ट्रॉल्यांमागे वेळ जाईल, तो धरूनच निघा. घाटात वळणावर गाडी थांबवू नका. आणि याच दिवसांत जंगलात गुडघाभर वाळका पाला असतो, तेव्हा बिडी-सिगारेट गाडीतसुद्धा नको. खानापूर–लोंढा–अनमोड हा रस्ताही चांगला, फक्त ट्रकची वर्दळ सोसायची तयारी ठेवा. चंदगडकडं वळलात तर कुसुंबाऐवजी काजूच्या बागा दिसतील: तांबूस पालवी आणि मोहोराचा वास एकदमच.