पन्नास पानांचा मका

सोलापुरात तोंडी लावायला शेंगाचटणी नसेल तर पान अपुरं वाटतं. भाचीच्या बारशाला आम्ही या चटणीला मक्याची जोड द्यायची ठरवली. स्वीट कॉर्न तेलावर परतायचा आणि उतरवताना वरून चटणी भुरभुरायची. चौघांसाठी दहा मिनिटांचं काम. पन्नास पानांसाठी मात्र सगळे दाणे मोठ्या कढईत एकदम पडले आणि खाली उरला चिकट, फिकट लगदा. चव वाईट नव्हती, पण खमंगपणा औषधालाही नव्हता.

याचं कारण पाणी. ताज्या स्वीट कॉर्नच्या वजनात साधारण तीन चतुर्थांश पाणीच असतं, म्हणजे चार किलो दाण्यांबरोबर कढईत तीन किलो पाणी येतं. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून उकळीला न्यायला ७० कॅलरी पुरतात, पण त्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात. शेगडीची सगळी आच त्यातच खर्च होते. दाण्यांचा थर जाड असला की खालची वाफ वर निसटत नाही, आणि मका परतला न जाता शिजत राहतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. दाणा ओला आहे तोवर त्याचं तापमान याच्या फारसं वर जात नाही. खमंग वास आणि तांबूस डाग येतात ते साखर आणि अमिनो आम्लांच्या अभिक्रियेतून. लुई कामीय मैयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तिचं वर्णन १९१२ मध्ये केलं. तिला वेग येतो तो १४० अंशांच्या आसपास, म्हणजे दाण्याचा पृष्ठभाग कोरडा झाल्यावर.

चिकटपणा सुरीमुळे आला होता. कणीस उभं धरून सुरीने दाणे उतरवले की प्रत्येक दाणा बुडाशी कापला जातो आणि आतलं दूध बाहेर येतं. त्यात स्टार्च असतो. तो ६५-७० अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगतो आणि त्याची खळ होते. म्हणून अंगठ्याने सोलावं. सुरीच्या टोकाने एक ओळ काढून घ्यायची, मग शेजारची ओळ त्या रिकाम्या जागेत ढकलत जायचं. दाणे अख्खे, बुडासकट निघतात. ओळी मोजून बघा, त्या जवळपास नेहमी सम संख्येत भरतात, कारण मक्याची फुलं कणसावर जोडीनेच येतात.

पन्नास माणसांना चाळीसेक कणसं पुरतात. ती त्याच दिवशी सकाळी आणावीत. तोडल्यानंतरही दाणा जिवंत असतो आणि साखरेचा स्टार्च करत राहतो. उकाड्यात तर हे काम झपाट्याने चालतं. हल्लीच्या अनेक स्वीट कॉर्न वाणांत स्टार्च बनवणारं एक विकर (एन्झाइम) जनुकीय बदलामुळे अधू असतं, म्हणून गोडी जास्त टिकते. त्यांचं बियाणं वाळल्यावर सुरकुततं ते याचमुळे.

आता आम्ही कणसं अख्खी पाच मिनिटं उकळतो, सोलतो आणि दाणे धुतलेल्या सोलापुरी टॉवेलवर पसरतो. इथल्या कोरड्या हवेत अर्ध्या तासात वरची ओल जाते. मग लोखंडी कढई कडकडीत तापवून एका वेळी अर्धा किलोच, तळ जेमतेम झाकेल इतका. दोन मिनिटं हलवायचं नाही. दाणे तडतडून उडतात, कारण सालीखाली वाफ कोंडलेली असते. चेहरा लांब ठेवा. मीठ शेवटी, नाहीतर ते पाणी ओढून बाहेर काढतं.

चटणी गॅस बंद केल्यावरच घालायची, कारण तिच्यातलं लाल तिखट आणि लसूण लगेच करपतात. कुटताना शेंगदाण्याचं तेल सुटलेलं असतं, त्यामुळे ती दाण्यांना चिकटून बसते. तिखटाचा झणका आणि मक्याचा पिवळा रंग, दोन्ही तेलात विरघळतात. मक्याच्या पिवळेपणामागचं झियाझँथिन हे रंगद्रव्य शरीरात नीट शोषलं जायलाही थोडं स्निग्ध लागतंच.

परतलेला मका मोठ्या परातीत पसरून ठेवा. पातेल्यात झाकला तर वाफेने पुन्हा ओला होतो.