गिअरबॉक्स उघडण्याआधी: क्लासिक गाडी असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी

“गिअरबॉक्स गेला” म्हणून आमच्याकडे आलेल्या काही गाड्यांचा गिअरबॉक्स धडधाकट असतो, गेलेला असतो तो क्लच. म्हणून बॉक्स खाली उतरवण्याआधी आम्ही तुमच्याकडे अर्धा दिवस मागतो. तेवढ्यात बरंच काही कळतं.

एक गाडी टो करून आली होती. इंजिन चालू असताना पहिला पडत नव्हता, रिव्हर्स टाकला की कर्रर्र. इंजिन बंद केलं की चारही गिअर अलगद पडायचे. त्याआधी दोनदा बॉक्स उतरवून झाला होता, सिंक्रो रिंगाही (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्या) नव्या टाकल्या होत्या. आमच्या मेकॅनिकने एकाला क्लच दाबायला सांगितलं आणि स्वतः क्लचच्या रबरी पाइपावर बोटं ठेवली. पेडल खाली गेलं की पाइप फुगत होता. जोर सगळा पाइप फुगण्यात जात होता, क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंत पुरेसा पोचतच नव्हता. क्लच पूर्ण सुटत नव्हता, मग गिअर पडणार कसा? पाइप बदलला, हवा काढली, गाडी परत गेली.

आवाजावरून काय कळतं

ही तपासणी तुम्हालाही करता येईल. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, क्लचवर पाय नाही. अशा वेळी बॉक्समध्ये इनपुट शाफ्ट आणि त्याच्या जोडीने खालचा लेशाफ्ट फिरत असतो. घरघर येत असेल आणि क्लच दाबताच थांबत असेल, तर संशय या दोघांच्या बेअरिंगवर. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लचला ढकलणारं बेअरिंग, बघायचं. पुष्कळ जुन्या ब्रिटिश गाड्यांत तिथे बेअरिंगऐवजी कार्बनची कडी असते, आणि सिग्नलला क्लच दाबून उभं राहण्याच्या सवयीने ती झिजून संपते.

आता रस्त्यावर. पहिल्या तीन गिअरमध्ये ‘घूंऽऽ’ आणि चौथ्यात शांतता असेल, तर बहुतेक लेशाफ्टचं काम निघणार. चार गिअरच्या बहुतेक जुन्या बॉक्समध्ये चौथा थेट असतो, इंजिनची ताकद सरळ मागे जाते. लेशाफ्ट फिरतो, पण बिनओझ्याचा, म्हणून गप्प असतो. आवाज सगळ्याच गिअरमध्ये सारखा असेल तर इनपुट किंवा मेन शाफ्टची बेअरिंग तपासावी लागतात.

गिअर टाकताना खरखर होत असेल तर आधी मॉडेलचं वर्ष सांगा. सिंक्रोमेश, म्हणजे सिंक्रो रिंगांची रचना, १९२८ मध्ये कॅडिलॅकने आणलं खरं, पण त्यानंतरही कित्येक दशकं पहिला गिअर बिनसिंक्रोचा असे. एमजीबीला चारही गिअरवर सिंक्रो १९६७ च्या अखेरीस मिळालं, जॅग्वार ई-टाइपला १९६४ च्या ४.२ लिटर मॉडेलपासून. त्याआधीच्या गाडीत चालत्या चाकांवर पहिला टाकला तर ती कुरकुरणारच. त्यावर उपाय डबल क्लचचा (न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडायचा, मग पुन्हा दाबून गिअर टाकायचा), तो शिकवायला आम्ही पैसे घेत नाही.

ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर आपोआप निसटत असेल तर दांडा हाताने दाबून धरून गाडी रेटू नका. गिअर सरकवणारा आतला फोर्क त्या दाबाने घासला जातो आणि छोट्या कामाचं मोठं होतं. कारण कधी डिटेंटची (गिअर जागेवर धरून ठेवणाऱ्या खटक्याची) थकलेली स्प्रिंग निघतं, कधी दात्यांची गोल झालेली टोकं. स्प्रिंग निघाली तर देव पावला.

ऑइल काढल्यावर

ऑइल आम्ही पांढऱ्या ट्रेमध्ये काढतो, जमलं तर तुमच्यासमोर. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या मलमासारखा लेप असेल तर काळजी नको, ती वयाप्रमाणे होणारी झीज. बोटांना टोचणारे कण किंवा पोलादाच्या पापड्या निघाल्या तर बॉक्स उघडायलाच हवा. सोनेरी चमक दिसली तर ती पितळी सिंक्रो रिंगांची. ऑइल दुधाळ असेल तर पाणी गेलंय. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत हे नेहमी दिसतं, आणि मग बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाची रेघ सापडते.

उघडल्यावर

सगळ्यात आधी आम्ही लेशाफ्ट बाहेर काढतो. बऱ्याच जुन्या बॉक्समध्ये सुईसारखे बारीक रोलर थेट या शाफ्टवरच फिरतात. शाफ्टचा कडक केलेला थर जेमतेम मिलिमीटरभर असतो. तो फुटला की पृष्ठभागावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. डोळ्यांना ते कधीकधी नुसते डाग वाटतात, म्हणून त्यावरून नख फिरवायचं. नख अडकलं की शाफ्ट बाद. पॉलिश करून तो परत बसवता येत नाही, कारण खालचं पोलाद मऊ असतं. रोलर मात्र शाफ्टबरोबरच नवे, जुने रोलर नव्या शाफ्टलाही खातात.

सिंक्रो रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागावर दाबून मधली फट फिलर गेजने (पातळ मापपट्ट्यांनी) मोजतो. फट त्या बॉक्ससाठी ठरलेल्या मापाखाली गेली असेल तर रिंग बदलायची, दिसायला कितीही चांगली असो. बॉल बेअरिंग बहुधा प्रमाणित मापाची असतात आणि त्यावरच्या नंबराने आजही मिळतात. दाते तुटले असतील तर ते वेल्डिंगने भरण्याचं काम आम्ही घेत नाही. गिअर बदलायचा तर शक्यतो त्याच्या जोडीदारासकट, नाहीतर नव्या-जुन्याचं पटत नाही आणि बॉक्स ओरडत राहतो.

गळतीबद्दल एक प्रामाणिक गोष्ट. काही जुन्या बॉक्समध्ये पुढच्या बाजूला रबरी सील नसतंच. शाफ्टभोवती उलट्या आट्या पाडलेल्या असतात आणि फिरताना त्या ऑइल मागे ढकलतात. गाडी उभी राहिली की चार थेंब पडायचेच. काहींवर सील बसवता येतं, सगळ्यांवर नाही.

बदलायचा झाला तर

केसिंगला तडा असेल, गिअर कुठेच मिळत नसतील किंवा तुम्हाला लांबचा प्रवास निवांत करायचा असेल, तरच आम्ही दुसरा बॉक्स सुचवतो. तसाच मूळ जातीचा बॉक्स मिळाला तर उत्तम, पण तोही आधी उघडून बघायचा. भंगारातला बॉक्स न उघडता चढवणं म्हणजे जुगार.

पाच गिअरचा आधुनिक बॉक्स बसवण्याकडे हल्ली कल आहे. फोर्ड सिएराचा टाइप-९ बॉक्स त्यासाठी फार वापरला गेला. त्याच्या पाचव्या गिअरचं गुणोत्तर ०.८२, म्हणजे चौथ्यात ३५०० आरपीएमला जो वेग असतो तो पाचव्यात २८७० ला मिळतो. कानांना आणि इंजिनला खरंच आराम पडतो. पण त्याचा पहिला ३.६५ चा, आखूड. डिफरन्शियलही (चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच) आखूड असेल तर गाडी सुटताच दुसरा मागते. शिवाय बॉक्सबरोबर बेलहाउसिंग (क्लचभोवतीचं कवच), क्लच प्लेटच्या खाचा, क्रँकच्या टोकाचं पायलट बुश, बॉक्सला मागून आधार देणारा क्रॉस मेंबर आणि प्रोपेलर शाफ्टची लांबी हे सगळंच बदलतं. स्पीडोमीटर चुकीचं दाखवू लागतं ते वेगळंच. बॉक्सवरचा, दोन सीटांमधला पत्र्याचा बोगदा कापावा लागणार असेल तर आम्ही आधी विचारतो, एकदा कापलेला पत्रा परत मूळ होत नाही. आणि काढलेला बॉक्स विकू नका. त्यावरचा क्रमांक गाडीच्या मूळ नोंदीशी जुळत असेल तर गाडी विकताना तोच शोधला जातो.

तुमच्या गाडीला लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह (बॉक्सच्या मागे बसणारं, इंजिनचे फेरे कमी करणारं जोडयंत्र) असेल तर पाचव्या गिअरचा विचार करण्याआधी तो चालू करून घेऊ. पुष्कळदा दोष वायरचा, स्विचचा किंवा सोलेनॉइडचा निघतो.

ऑइल कोणतं

“सगळ्यात भारी टाका” असं सांगू नका. गिअर ऑइलच्या प्रतवारीतलं जीएल-५ दर्जाचं ऑइल डिफरन्शियलला चांगलं. पण त्यातली गंधक-फॉस्फरसची जास्तीची मात्रा पितळी भागांना बाधू शकते, आणि फार निसरड्या ऑइलवर सिंक्रो रिंग पकडही नीट घेत नाही. बऱ्याच जुन्या बॉक्सना जीएल-४ लागतं. एमजीबीच्या बॉक्समध्ये तर इंजिनचंच २०डब्ल्यू-५० जातं, आणि मूळच्या मिनीमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून एकच ऑइल वापरतात. गाडीचं हँडबुक असेल तर ते घेऊन या.

काम झाल्यावर पहिले काही शे किलोमीटर गाडी ताणू नका. मग एकदा आणा, ऑइल काढून चुंबक पुन्हा बघतो. काढलेले सगळे भाग डब्यात घालून तुम्हाला परत देतो. लेशाफ्ट त्यात सगळ्यात वर असतो, त्यावरून नख फिरवून बघा.