तेल-पाणी एकत्र टिकवायला साबणच लागतो?

नागपुरात तर्री-पोह्यांच्या गाड्यावर रश्श्यावर तरंगणारा तेलाचा लाल थर रोज दिसतो. त्यातून समज पक्का झालाय: साबण किंवा अंड्याच्या बलकाशिवाय तेल-पाणी एकत्र टिकत नाही.

हे चूक आहे. नुसते बारीक घन कणही पुरतात. शास्त्रज्ञ रॅम्सडेन यांनी १९०३ मध्ये आणि पिकरिंग यांनी १९०७ मध्ये हे मांडलं. अट एकच, पण महत्त्वाची: कण पाण्यानेही थोडा भिजावा, तेलानेही. मग तो थेंबाच्या कडेवर असा रुतून बसतो की हलता हलत नाही. थेंबाभोवती कणांचं चिलखतच! दोन थेंब भिडले तरी एक होत नाहीत.

मार्गारीनमध्ये (लोण्याऐवजी वापरतात तो पदार्थ) चरबीचे स्फटिक हेच करतात. कच्च्या खनिज तेलात मात्र मातीचे कण पाणी धरून ठेवतात, आणि ते वेगळं करताना घाम फुटतो.