लेन्सच्या पिशवीत पैसे कुठे घालायचे?

ज्येष्ठाच्या अखेरीस ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढायला लागली की वळणावळणावर कॅमेरे घेतलेली पोरंपोरी दिसतात. बऱ्याच जणांच्या पाठीवर रोजची कॉलेजची सॅक असते. तिच्यात पाण्याची बाटली, डबा, छत्री आणि मोज्यात किंवा पंच्यात गुंडाळलेली जास्तीची लेन्स. ती लेन्स घ्यायला वर्षभर पैसे साठवलेले असतात, त्यामुळे पिशवीची वेळ येईपर्यंत हातात फारसं काही उरत नाही. कॅमेऱ्याच्या बॅगेवरची किंमत वाचली की मोजाच बरा वाटतो. मला या मुलांची काळजी वाटते, कारण बॅगेच्या किमतीतला लेन्स वाचवणारा भाग मुळात स्वस्त असतो. तो ओळखता आला तर हजार-बाराशेत चांगली सोय होते.

कंबरेच्या उंचीवरून, म्हणजे साधारण १ मीटरवरून, लेन्स सुटली तर जमिनीवर पोचेपर्यंत तिचा वेग ताशी १६ किलोमीटरच्या घरात जातो. लेन्स लहान असो की मोठी, वेग तोच. हा वेग किती अंतरात शून्यावर येतो, त्यावर पुढचं सगळं ठरतं. फरशीवर थेट आपटलेली लेन्स जेमतेम १ मिलिमीटरमध्ये थांबते असं धरू. १ मीटर पडताना कमावलेली ऊर्जा १ मिलिमीटरमध्ये संपवायची, म्हणजे तिच्या वजनाच्या हजारपट जोर लागणार. कॅननची ५० एमएम, एफ १.८ ही कितीतरी जणांची पहिली जास्तीची लेन्स साधारण १६० ग्रॅमची आहे. तिच्यावर त्या क्षणी १६० किलोचा भार येतो. हीच लेन्स १ सेंटिमीटर अंतरात थांबली तर भार १६ किलोवर उतरतो. हा सरासरीचा हिशोब झाला. प्रत्यक्षात मधल्या एखाद्या क्षणी जोर याच्या दुप्पटही होतो, पण प्रमाण तेच राहतं. थांबायला दहापट जागा मिळाली की धक्का दहापट कमी.

लेन्स आपटल्यावर आपण आधी काच फुटली का ते पाहतो. काच बहुतेक वेळा शाबूत असते. आतली भिंगं मात्र आपल्या जागेवरून केसभर सरकतात आणि फोटोचा एक कोपरा कायमचा धूसर यायला लागतो. स्वस्त लेन्सच्या मागची, कॅमेऱ्यात बसणारी कडी बऱ्याचदा प्लास्टिकची असते, ती तडकते. शंका आली तर भिंतीला वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा, कॅमेरा अगदी समोर ठेवून फोटो काढा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून पाहा. तीन कोपरे स्वच्छ आणि एकच पुसट असेल, तर भिंग तिरकं झालंय असं समजायला हरकत नाही.

आता ही सेंटिमीटरभर जागा आणायची कुठून? फोममधून. फोम म्हणजे हवेच्या बारीक बारीक खोल्या आणि त्यांच्या पातळ भिंती. फोम दाबायला लागलं की सुरुवातीला तो थोडा विरोध करतो. मग एका ठरावीक दाबाला या भिंती वाकून कोलमडायला लागतात आणि बराच वेळ, जवळजवळ तेवढ्याच जोराने, फोम दबत राहतो. शेवटी सगळ्या खोल्या मिटतात आणि फोम लाकडासारखा टणक होतो. लेन्स वाचते ती मधल्या टप्प्यात. म्हणूनच १ सेंटिमीटर जाडीचा फोम आपल्याला १ सेंटिमीटर थांबायची जागा देत नाही. अर्धीच, फार तर त्याहून थोडी जास्त मिळते. पुढे तो टणकच. हिशोबातला १ सेंटिमीटर खरोखर हवा असेल तर तळाला २ सेंटिमीटर जाडी लागते. दुचाकीच्या हेल्मेटमध्येही हेच तत्त्व आहे, पण तिथला थर्माकोल एकदाच चेपायचा असतो आणि अपघातानंतर हेल्मेट टाकून द्यायचं असतं. पिशवीतला फोम रोज दबून रोज पुन्हा फुगला पाहिजे. जुनी कॅमेरा बॅग स्वस्तात मिळत असेल तर आधी तिचा तळ चाचपून पाहा. वर्षानुवर्षं दबून दबून चपटा झालेला फोम बाहेरून दिसत नाही.

जाडीइतकाच महत्त्वाचा आहे फोमचा कडकपणा, आणि तो लेन्सच्या वजनाला जुळावा लागतो. दुकानात याबद्दल कुणीच बोलत नाही. वर म्हटलेली १६० ग्रॅमची लेन्स उभी ठेवली तर तळाच्या दर चौरस सेंटिमीटरवर साधारण ४ ग्रॅम वजन येतं. भिगवणला रोहित टिपायला जाणाऱ्या अनेकांकडे निकॉनची २००-५०० एमएम असते, सुमारे २३०० ग्रॅमची. ती उभी ठेवली तर दर चौरस सेंटिमीटरवर २५ ग्रॅम येतात, म्हणजे सहापट. मोठ्या लेन्ससाठी बनवलेल्या कडक फोमवर छोटी लेन्स पडली तर फोम वाकतच नाही. तिच्यासाठी ती जवळजवळ फळीच. उलट मऊ स्पंजावर मोठी लेन्स पडली तर स्पंज एका झटक्यात मिटतो आणि खालची फरशी लागते. एकाच पिशवीत दोन्ही ठेवायच्या असतील तर मोठी आडवी ठेवावी, म्हणजे तिचा भार पसरतो, आणि छोटीच्या खाली मऊ फोमचा वेगळा तुकडा टाकावा.

फोमचे तीन प्रकार सर्रास भेटतात. टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्यातून निघतो तो पांढरा ईपीई. लहान मुलांच्या खोलीत अंथरायच्या रंगीत जोडचटयांचा ईव्हीए. आणि सोफ्यातला स्पंज, म्हणजे पॉलियुरेथेन. पहिल्या दोघांच्या खोल्या बंद असतात, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. स्पंजाच्या खोल्या एकमेकींत उघडतात, त्यामुळे तो पाणी पितो आणि दिवसचे दिवस ओला राहतो. दमट हवेत काही वर्षांनी त्याचा भुगाही होतो. स्वस्त बॅगांच्या पार्टिशनमध्ये बऱ्याचदा स्पंजच असतो. पार्टिशन चिमटीत धरून दाबा: बोटांना बोटं लागली तर स्पंज समजा, दाबाला झुंज देऊन लगेच पूर्ववत झालं तर बंद खोल्यांचा फोम.

दुकानात माझी पहिली तपासणी तळाची असते. रिकामी बॅग काउंटरवर ठेवायची, आत हात घालून मुठीने तळ जोरात दाबायचा. काउंटरचा कडकपणा बोटांच्या हाडांना जाणवला तर ती बॅग परत, मग तिच्यावर कुठलंही नाव असो. कितीतरी बॅगांच्या बाजू गुबगुबीत असतात आणि तळाला मात्र पुठ्ठा आणि त्यावर नावापुरता फोम. खरं तर रोजचे धक्के तळालाच बसतात. बसमध्ये सॅक पायाशी टाकली, चहाच्या टपरीवर कट्ट्यावर आदळली, वर्गात बाकाखाली सोडली, की वीस-तीस सेंटिमीटरवरून आपटतेच. त्यानंतर आपली लेन्स कप्प्यात ठेवून बॅग हलवायची. आत खडखड वाटली तर पार्टिशन सरकवून कप्पा घट्ट करायचा. सैल कप्प्यात बॅग थांबली तरी लेन्स थांबत नाही. ती जाऊन बाजूच्या भिंतीवर किंवा शेजारच्या लेन्सवर आदळते. म्हणून वेल्क्रोने हव्या त्या जागी लावता येणारी पार्टिशनं असलेली साधी बॅग ही ठरीव कप्प्यांच्या महागड्या बॅगेपेक्षा मला जास्त पटते.

त्याहून स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात शहाणा मार्ग म्हणजे नुसता आतला फोमचा, पार्टिशनवाला खोका घ्यायचा आणि तो आहे त्याच सॅकमध्ये बसवायचा. सॅक पाहून आत कॅमेरा आहे हे कुणाला कळत नाही, आणि पुढे सॅक फाटली तर खोका दुसरीत जातो. तळ कमी पडत असेल तर पुण्याच्या रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला, पॅकिंगच्या सामानाच्या दुकानांत ईपीईचा जाड तुकडा विचारावा. कटरने मापात कापून तो खोक्याच्या खाली टाकायचा. पाण्याची बाटली आणि डबा खोक्याबाहेर, सॅकच्या बाजूच्या खिशात. कापडी किंवा निओप्रीनची नाडीवाली लेन्सपिशवीही स्वस्त मिळते, पण तिची जाडी काही मिलिमीटरच. ओरखडे टाळायला ती छान, धक्क्यासाठी तिच्या एकटीवर विसंबू नये.

पुण्यात लेन्सचा बराचसा प्रवास दुचाकीवर होतो, त्यामुळे हेही सांगायला हवं. स्कूटरच्या सीटखालची डिक्की सोयीची वाटते, पण तिच्याखाली इंजिन असतं. उष्णता आणि थरथर, दोन्ही थेट लेन्सला. कंप सोसून बारीक स्क्रू ढिले होतात. ज्या लेन्समध्ये हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा असते, तिच्यातलं एक भिंग चुंबकांच्या आधाराने तरंगतं ठेवलेलं असतं. मोबाइल कॅमेऱ्यातही तसंच असतं, आणि मोटरसायकलच्या मोठ्या इंजिनाच्या कंपांनी त्याची कामगिरी खालावू शकते, असा इशारा अ‍ॅपल कंपनीने २०२१ मध्ये दिला होता. पिशवी पाठीवर घेतली की शरीर बरेचसे कंप गिळतं. पायाशी, पेट्रोलच्या टाकीवर किंवा मागच्या कॅरियरवर लेन्स ठेवू नये. पट्टा रुंद निवडावा: अडीच सेंटिमीटरऐवजी पाच सेंटिमीटरचा पट्टा असेल तर खांद्यावरचा दाब निम्मा होतो, आणि खांदा दुखला नाही की पिशवी वाटेत खाली टेकवली जात नाही.

कापडावर ६००डी, १६८०डी असे आकडे छापलेले असतात. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे हा आकडा. तो धाग्याचा जाडेपणा सांगतो. पाणी अडेल की नाही ते सांगत नाही. पाणी अडवतो तो कापडाच्या आतल्या बाजूचा पातळ लेप, आणि ६००डीच्या साध्या कापडावर लेप चांगला असेल तर पुण्याच्या पावसाला तो पुरतो. पाणी शिरतं ते शिवणीच्या भोकांतून आणि चेनमधून. सॅक उलटी करून लेप तपासावा: चिकट लागला किंवा पापुद्रे सुटत असतील तर त्याचं आयुष्य संपलं. ताम्हिणी किंवा लोणावळ्याच्या पावसात मात्र कुठल्याच स्वस्त बॅगेचा भरवसा धरू नये. वरून रेनकव्हर आणि आत खोक्याभोवती जाड प्लास्टिकची पिशवी, एवढं केलं की मोठ्या सरीतही लेन्स कोरडी राहते.

तीच प्लास्टिकची पिशवी घरी आल्यावर लगेच काढली नाही तर दुसरं संकट ओढवतं: बुरशी. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, लेन्सच्या आतही. सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली आणि हवा उबदार, अंधारी, कोंडलेली असली की ते रुजतात. धूळ आणि बोटांचा तेलकटपणा त्यांना खाऊ म्हणून पुरतो. बुरशीतून स्रवणारी आम्लं भिंगावरचा लेप कोरतात, आणि एकदा लेप गेला की साफसफाईने तो परत येत नाही. एप्रिलच्या दुपारी पुण्याची हवा अगदी कोरडी असते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या आसपास राहते. अशा दिवसांत कपाटात ठेवलेली फोमची बॅग बुरशीला हवं ते सगळं पुरवते. बॅग प्रवासापुरती. घरी आलं की लेन्स बाहेर काढायची, खोका पंख्याखाली उघडा ठेवायचा आणि लेन्सचा मुक्काम रबरी कडीच्या हवाबंद डब्यात.

त्या डब्यात ओल शोषून घेणारं सिलिका जेल का पुरतं आणि बॅगेत का पुरत नाही, हा हिशोब मला फार आवडतो. २५ अंश तापमानाला १ घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. आर्द्रता ८० टक्क्यांवरून ४५ वर आणायची तर दर घनमीटरमागे सुमारे ८ ग्रॅम पाणी काढावं लागतं. १० लिटरच्या डब्यात हे पाणी भरतं फक्त ०.०८ ग्रॅम. १० ग्रॅम सिलिका जेल तेवढ्या आर्द्रतेला २ ग्रॅमच्या आसपास पाणी धरून ठेवतं, म्हणजे डबा वीस-पंचवीस वेळा उघडला तरी चालेल. बॅगेच्या चेनमधून आणि शिवणीतून मात्र दमट हवा रात्रंदिवस आत येत राहते, त्यामुळे तीच पुडी काही दिवसांत भरून जाते. डब्यात आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मापक टाकला तर उत्तम. आकडा ४० ते ५० मध्ये हवा. सिलिकाऐवजी तांदूळ टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तांदळाची पूड लेन्सच्या फटींत जाते आणि बुरशीला पिठाची मेजवानी मिळते.

पावसाळ्यात एसीच्या खोलीतून बाहेर पडताना हाच फोम आणखी एका कामी येतो. हवा २५ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर २२ अंशांपेक्षा थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर दव जमतं, आणि एसीत राहिलेली लेन्स सहज तेवढी थंड असते. ती थंडगार लेन्स एकदम उघड्यावर काढू नका. बॅगेची चेन बंद ठेवून अर्धा तास थांबा. फोम उष्णता हळूहळू आत सोडतो आणि लेन्स दव न जमता बाहेरच्या हवेशी जुळते.

सिलिका जेल घेताना निळ्या दाण्यांपेक्षा नारिंगी घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. पाणी प्यायले की निळे दाणे गुलाबी आणि नारिंगी हिरवट होतात. मग ते जुन्या तव्यावर मंद आचेवर, अधूनमधून हलवत, मूळ रंग येईपर्यंत तापवायचे आणि झाकणाच्या बरणीत गार करून पुन्हा पुडीत भरायचे. हा तवा त्याच कामाला वेगळा ठेवा, त्यावर पुन्हा पोळी भाजू नका.