सफरचंदात चमचाभर ओट्स ते जारमधला चीजकेक: ओव्हरनाइट ओट्स आले कुठून

ओव्हरनाइट ओट्स म्हणजे रात्रभर भिजवून सकाळी न शिजवता खायचे ओट्स. तिरामिसू ओट्स, चीजकेक ओट्स, ब्लॅक फॉरेस्ट ओट्स, गाजर केक ओट्स, रोज एक नवा जार समोर येतो आणि मग घरात ठरलेला वाद, की हा नाश्ता आहे का नाश्त्याच्या नावाखाली सकाळी सकाळी गोड हाणायचा बहाणा. वाद घाला, हरकत नाही, पण हा पदार्थ मूळ जिथून आला तिथे जाऊन बघितलं तर गोड प्रकार त्यात पहिल्या दिवसापासून होता, आणि तोही एका डॉक्टरच्या हातचा. बदललंय ते वेगळंच, आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

डॉक्टरांचं नाव मॅक्सिमिलियन बिर्खर-बेन्नर, स्वित्झर्लंडचे, जन्म १८६७ चा, दवाखाना झुरिकला. १९०० च्या आसपास त्यांनी पेशंटना एक सफरचंदाचा पदार्थ द्यायला सुरुवात केली, तोच पुढे म्युसली म्हणून ओळखला गेला. डोंगरात फिरायला गेले असताना एका गुराख्याच्या झोपडीत असं काहीतरी खायला मिळालं आणि तिथून कल्पना आली अशी गोष्ट सांगतात. कृती मात्र नीट नोंदलेली आहे: एक टेबलस्पून ओट्स तीन टेबलस्पून पाण्यात बारा तास भिजवायचे, त्यात अर्ध्या लिंबाचा रस आणि एक टेबलस्पून कंडेन्स्ड मिल्क घालायचं, मग एक मोठं किंवा दोन छोटी सफरचंदं सालासकट, बियांसकट, मधल्या गाभ्यासकट थेट त्या भांड्यात किसायची, किसता किसता हलवत राहायचं म्हणजे कीस काळा पडत नाही, वरून टेबलस्पूनभर बदाम नाहीतर हेझलनटची पूड, आणि लगेच खायचं.

आता जरा वजनं मांडा. सफरचंद दीडशे-दोनशे ग्रॅम आणि ओट्स जेमतेम आठ-दहा ग्रॅम. म्हणजे ही फळाची डिश होती, ओट्स आपले नावाला. आज आपण चाळीस-पन्नास ग्रॅम ओट्स भिजवतो आणि वर फोटोपुरत्या चार स्ट्रॉबेरी. सव्वाशे वर्षांत पदार्थ अक्षरशः उलटा झाला, आणि माझ्या मते खरी बातमी ही आहे, साखर नाही.

शिवाय तो नुसता सकाळचा नव्हताच. बिर्खर-बेन्नर तो जेवणाच्या सुरुवातीला द्यायचे, किंवा रात्री हलकं जेवण म्हणून. स्वित्झर्लंडमध्ये अजूनही ब्रेड-बटर आणि दुधाळ कॉफीबरोबर संध्याकाळी हेच खाणारी घरं आहेत.

१९०४ मध्ये त्यांनी झुरिकबर्ग टेकडीवर मोठं सॅनेटोरियम उघडलं, नाव 'जिवंत शक्ती' अशा अर्थाचं. पहाटे उठायचं, नाश्त्याआधी चालायला जायचं, बागेत खपायचं, उन्हात बसायचं, दारू-सिगरेट-कॉफी बंद, रात्री लवकर दिवे बंद. थॉमस मान, पुढे नोबेल मिळालेला जर्मन लेखक, १९०९ मध्ये तिथे राहून आला आणि त्याने या जागेला आरोग्याचा तुरुंग म्हणून टाकलं. डॉक्टरांची थिअरी अशी की अन्नातली शक्ती म्हणजे साठवलेला सूर्यप्रकाश, ती कच्च्या फळात-पाल्यात सगळ्यात जास्त आणि शिजवलं की कमी. झुरिकच्या बाकीच्या डॉक्टरांनी ते अजिबात मान्य केलं नाही, आणि सूर्यप्रकाशाचा तो हिशोब विज्ञान म्हणून टिकलाही नाही. पण त्या काळातला बऱ्या घरचा आहार म्हणजे मांस, पांढरा ब्रेड, भरपूर शिजवलेली भाजी, त्यात कच्चं फळ जवळजवळ नाहीच. १९१२ मध्ये व्हिटॅमिनची कल्पना पुढे आली आणि सालासकट सफरचंद खायला सांगणारा माणूस एकदम तितका वेडा वाटेनासा झाला. थिअरी चुकली पण ताटातलं बरोबर निघालं, असं होतं कधी कधी.

आता ते कंडेन्स्ड मिल्क. कच्च्या अन्नाचा एवढा आग्रह धरणारा माणूस डब्यातलं साखर घातलेलं दूध कसं काय वापरतो? कारण साधं आहे, घरोघरी फ्रिज नव्हते आणि ताज्या दुधातून टीबी पसरायचा. डब्यातलं दूध सुरक्षित, टिकणारं, आणि स्वित्झर्लंडमध्ये हाताशी, कारण युरोपातली पहिली कंडेन्स्ड मिल्कची फॅक्टरी १८६६ मध्ये झुरिकजवळच्या चाम गावात पेज बंधूंच्या अँग्लो-स्विस कंपनीने काढली होती. ही कंपनी १९०५ मध्ये नेस्लेबरोबर एक झाली, आणि त्या जोड कंपनीचा माल १९१२ पासून भारतात यायला लागला. आपल्याकडे घाईच्या बर्फीसाठी आणि खिरीसाठी जो मिल्कमेडचा डबा फोडतात तो ब्रँड मूळचा याच अँग्लो-स्विसचा. आणि लिंबाचा रस कंडेन्स्ड मिल्कला लागला की ते दाट, आंबटगोड, क्रीमसारखं होतं, बिनबेकच्या कित्येक लेमन पाय याच जिवावर सेट होतात. म्हणजे डॉक्टरांच्या वाडग्यात डेझर्टची चव आयतीच तयार होत होती, त्यांना ती हवी असो वा नसो!

पण न शिजवता ओट्स खाता येतात हे कसं? अख्खा ओटचा दाणा नुसता भिजवून खाऊन बघा, चावता चावता दुपार होईल. सोललेल्या ओटमध्ये चरबी बऱ्यापैकी असते आणि चरबी फोडणारं एन्झाइमही, त्यामुळे तो पटकन खवट होतो, म्हणून गिरणीत आधी वाफ आणि उष्णता देऊन ते एन्झाइम मारतात आणि मग रोलरखाली चपटा करतात. आपल्या पोह्यांचं लॉजिकही जवळपास हेच, काम कारखान्यात उरकलेलं असतं, आपण फक्त भिजवतो. अमेरिकेत ओहायोच्या अ‍ॅक्रनमध्ये फर्डिनांड शूमाकर या जर्मन माणसाने ओटमीलचा धंदा मोठा केला, शेजारच्या रॅव्हेनामधल्या गिरणीने १८७७ मध्ये क्वेकरचा ट्रेडमार्क नोंदवला, आणि १९२२ मध्ये अजून पातळ, पटकन शिजणारे क्विक ओट्स आले. ओव्हरनाइटला क्विक ओट्स घेतले तर सकाळी लापशी होते, जाड रोल्ड ओट्सच घ्या. आणि जाता जाता, भिजवल्याने फायटिक अ‍ॅसिड (धान्यातलं, लोहासारखी खनिजं अंगी लागू न देणारं) निघून जातं असं सगळीकडे ठोकून देतात ते ओट्सच्या बाबतीत फारसं खरं नाही, फायटिक अ‍ॅसिड फोडणारं एन्झाइम ओटमध्ये मुळात कमी आणि जे असतं तेही उष्णतेत जातं.

ओट्सचं डेझर्ट करणं हेही इंटरनेटचं डोकं नाही. स्कॉटलंडमध्ये क्रॅनाकन म्हणून प्रकार आहे, भाजलेले ओट्स, घट्ट क्रीम, मध, व्हिस्की आणि रासबेरी, उन्हाळ्यात रासबेरीचं पीक आलं की करायचे. थर लावून काचेच्या ग्लासात देतात, फोटो बघितलात तर आजचा जारच वाटेल, फक्त व्हिस्कीमुळे सकाळी ऑफिसला नेता येणार नाही.

प्रमाण उलटं व्हायला लागलं ते फॅक्टरीमुळे. ताजं सफरचंद किसून पाकिटात भरता येत नाही, मग कोरडे ओट्स, मनुका, सुके तुकडे असं म्युसली विकायला लागले, ब्रिटनमध्ये १९७१ मध्ये अल्पेन नावाचं पाकिटातलं म्युसली आलं आणि म्युसली म्हणजे धान्य हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. ओलं, भिजवलेलं रूप टिकलं ते मोठ्या हॉटेलांच्या बुफेत, तेही क्रीम घालून. घरी फ्रिज आल्यावर अजून एक बदल झाला, डॉक्टर पाण्यात भिजवून दूध शेवटी घालायचे, आता दूध-दही रात्रीच घालता येतं आणि रात्रभर ते गारव्यात मुरतं. १९९७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ओट्समधल्या बीटा-ग्लुकन या विरघळणाऱ्या फायबरला, रोज तीन ग्रॅमच्या हिशोबाने, हृदयरोगाचा धोका कमी करण्याचा दावा पाकिटावर छापायची परवानगी दिली, आणि ओट्सना हेल्दीचा शिक्का मिळाला. त्या शिक्क्याखाली मग काहीही चालतं.

२०१० नंतर ब्लॉग, पिंटरेस्ट, इन्स्टाग्राम, काचेचे जार, चिया आणि ग्रीक योगर्ट हे सगळं एकत्र आलं. आणि कोणती डेझर्ट उचलली ते बघा, तिरामिसू, चीजकेक, ट्रायफल, सगळी बहुतेक न भाजता करायची आणि फ्रिजमध्ये रात्रभर सेट व्हायची. म्हणून ती ओट्समध्ये जमतात. गुलाबजाम ओट्स करून बघितलेत लोकांनी, जाऊ दे.

आपल्याकडे ओट हे मुळात जनावरांचं, महाराष्ट्रात रब्बीत चारा म्हणून घेतात, राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'फुले हरिता' ही जात चाऱ्यासाठीच आहे. थंड दुधातला नाश्ताही इथे सहज रुजला नाही, १९९४ मध्ये केलॉग्ज भारतात आलं, कारखाना तळोज्याला, आणि लोकांनी सवयीप्रमाणे कॉर्नफ्लेक्सवर गरम दूध ओतलं, झाला लगदा. ओट्स घराघरात पोचले ते पुढे मसाला ओट्स होऊन, उपम्याच्या वाटेने. गोड, गार ओट्स त्यानंतरचे, आणि त्यात मला सगळ्यात पटतो तो आम्रखंडाचा प्रकार, कारण चक्काही रात्रभर टांगलेलाच असतो, त्यात हापूसचा रस, वेलची, केशर, भिजलेले ओट्स, वेगळी साखर लागत नाही.

फळाचं मात्र सांभाळा. कच्चा अननस, पपई आणि किवी यात दुधातली प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात, रात्रीच घातली तर सकाळी जार कडू आणि फाटलेला मिळतो. ती सकाळी वरून घाला किंवा अननस आधी शिजवून घ्या. आंबा, सफरचंद रात्री चालतात, केळं काळं पडतं म्हणून सकाळी. आणि जमलं तर एकदा डॉक्टरांच्या प्रमाणात करून बघा, दोन सफरचंदांना एक चमचा ओट्स, फक्त बिया काढून टाका.